शिवणीचा तुकडा

रत्नागिरी, २४ फेब्रुवारी १९८५

प्रिय दादा,

पपांना अन्ननलिकेचा कर्करोग आहे. मुंबईला तपासायला पाठवलेल्या तुकड्याचा रिपोर्ट काल आला आणि डॉ. आठल्ये यांनी तो स्वतः घरी येऊन वाचून दाखवला. ऑपरेशनची वेळ गेली, असं ते म्हणाले. किती दिवस, असं मी अंगणात विचारलं, तेव्हा चष्मा पुसत त्यांनी उलट मलाच विचारलं, "यंदा तुमचं ईस्टर कधी?" मी सात एप्रिल सांगितलं. त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि बॅग उचलली.

भात उतरत नाही. पेज उतरते, तीही गाळून. काशीरामकाका रोज सकाळी एक शहाळं घेऊन येतात आणि दारातूनच ओरडतात, "इनास, हायस का गेलास?" पपा आतून म्हणतात, "हाय. तुझ्या आधी जायची घाई नाय." आवाज बसला आहे, पण बोलतात.

मी शाळेतून रजा घेतली आहे. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा पपा रडले नाहीत की घाबरले नाहीत. ते म्हणाले, "हे असंच व्हायचं होतं. गळाच धरायचा होता त्याला." कोणाला, असं मी विचारलं, तर भिंतीकडे तोंड केलं. तुला काही ठाऊक आहे का? जमेल तितक्या लवकर ये.

तुझी,
पिदू

वडगाव, ३ मार्च १९८५

प्रिय पिदू,

तुझं पत्र गुरुवारी मिळालं. शुक्रवारपासून रोज मिस्सामध्ये पपांचं नाव घेतो आहे.

उपासकाळ सुरू झाला आहे आणि सात गावांना मी एकटाच धर्मगुरू आहे. मोटारसायकल बंद पडली तर दोन गावं सायकलवर होतात. ईस्टर झालं की दुसऱ्या दिवशी निघतो. तोवर फादर सांतान आहेतच, ते आजाऱ्याला लावायचं शेवटचं तेल आणि कम्युनियन देतील. पपांना सांग की आपलं दुखणं ख्रिस्ताच्या दुखण्याला जोडून द्या. त्यांनी चाळीस वर्षं धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांना हेच शिकवलं आहे, तेव्हा त्यांना नव्याने सांगायला नको.

"गळा धरायचा होता" वगैरेचा अर्थ लावत बसू नकोस. आजारी माणूस बोलतो.

तुझा,
लिगोरी

रत्नागिरी, १० मार्च १९८५

प्रिय दादा,

अर्थ लावायची गरजच उरली नाही. पपांनीच सांगितलं.

तुला मागच्या पत्रात एक गोष्ट लिहिली नव्हती. जानेवारीपासून पपांनी कम्युनियन घेतलेलं नाही. मला वाटत होतं, गिळता येत नाही म्हणून. परवा फादर सांतान आले आणि म्हणाले, कम्युनियनची भाकर पाण्यात भिजवून कणभर देतो, नाहीतर चमच्याने द्राक्षारसाचा एक थेंब. पपांनी ओठ घट्ट मिटले. तेल लावू का, असं विचारलं तेव्हा हात मागे ओढून घेतला. फादर भले आहेत, पुन्हा येतो म्हणून गेले. काशीरामकाका तिथेच बसले होते. ते चिडले. "अरे, बामण घरी आलाय तुमचा, आणि तू त्याला आल्या पावली परत धाडतोस?"

मग पपा बोलले. तुटक तुटक, अर्धा तास. ते असं.

आपल्या चॅपेलातला जो क्रूसावरचा येशू आहे, खांद्यांत चामड्याच्या बिजागऱ्या असलेला, ज्याला दर गुड फ्रायडेला पपा क्रूसावरून खाली उतरवतात आणि पालखीत निजवतात, त्याचं तोंड पूर्वी उघडं होतं. आत जीभ आणि दात कोरलेले होते. ओरडणारं तोंड होतं ते. छप्पन साली गुड फ्रायडेची मिरवणूक बघायला वाडीतले सगळे आले होते, आणि काशीरामकाका सगळ्यांसमोर म्हणाले, "इनास, तुमचा देव दाढ दुखल्यासारखा का रे बोंबलतोय?" लोक हसले. पपा सुतार, म्हणून पुढच्या वर्षी रंगकामाला मूर्ती त्यांच्याच हातात आली. त्यांनी उघड्या तोंडात लाकडाचा तुकडा बसवला, सरस भरला, वरून मिटलेले ओठ कोरले आणि रंगवले. तेव्हाच्या फादरांनी पाठ थोपटली. सगळे म्हणाले, आता कसा देवासारखा दिसतो.

"तो माणसासारखा ओरडत होता," पपा म्हणाले. "मी त्याचं तोंड बंद केलं. आता तो माझं करतोय."

काशीरामकाकांचा चेहरा बघवत नव्हता. त्यांना ती थट्टा आठवतसुद्धा नव्हती. ते म्हणाले, "अरे इनास, आमचा राम बायको गेली तेव्हा झाडापाखरांना विचारत रडत फिरला. आम्ही दरवर्षी ऐकतो. लाज कोणाला वाटते? मी आपलं काहीतरी बोललो आणि तू लगेच पटाशी काढलीस?"

पपा म्हणाले, "तुझ्या रामाचं तोंड तू बंद केलं नाहीस."

दादा, मी बाई माणूस, शाळेत तिसरीला गणित शिकवते. तू सेमिनरीत आठ वर्षं काढलीस. मला सरळ सांग. येशू देव होता, तर तो खरंच घाबरला का? खरंच ओरडला का? की ते आपल्यासाठी होतं? पपांना वाचून दाखवता येईल असं लिही. ते तेल न लावता गेले, तर मी काय करू?

पिदू

वडगाव, १५ मार्च १९८५

प्रिय पिदू,

हे त्यांना सावकाश वाचून दाखव.

पपा, ख्रिस्त खरा देव आहे आणि खरा माणूस आहे. अर्धा हा आणि अर्धा तो, असं नाही. देवाने माणसाचा अंगरखा घातला, असंही नाही. असं म्हणणारे लोक पहिल्या शतकांत होते. त्यांना देवाच्या भुकेची आणि घामाची लाज वाटायची, म्हणून ते म्हणत की शरीर नुसतं दिसायला होतं. चर्चने त्यांना चूक ठरवलं. सन ४५१ मध्ये सगळे बिशप एकत्र बसले आणि त्यांनी लिहून ठेवलं: ख्रिस्त एकच, त्याचे स्वभाव दोन, देवाचा आणि माणसाचा. त्यांची मिसळ होत नाही, एकामुळे दुसरा बदलत नाही, आणि ते कधी वेगळेही होत नाहीत.

म्हणजे त्याला भूक लागली ती खरी भूक. होडीत डोळा लागला तो खरा थकून. मित्राच्या कबरीपाशी रडला ते खरं रडणं. बागेत त्याला घाम फुटला, आणि हा पेला माझ्यापुढून काढ असं तो बापाला म्हणाला, तेव्हा तो आपल्यासारखाच घाबरला होता. क्रूसावर, देवाने मला टाकलं, असं ओरडला ते माणसाच्या गळ्याने. पण तो गळा ज्याचा होता तो देवाचा पुत्रच होता. म्हणून आपण म्हणतो की देवाने मरण चाखलं.

तेव्हा तुम्ही घाबरलात तर त्यात पाप नाही. आणि जो स्वतः असा ओरडला, तो लाकडाच्या तुकड्यासाठी कोणाचा गळा धरत नाही. सूड हा त्याचा स्वभाव नव्हे, दोन्हींपैकी एकही.

फादर सांतान यांना तेल लावू द्या.

तुमचा,
लिगोरी

रत्नागिरी, २१ मार्च १९८५

प्रिय दादा,

वाचलं. दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा त्यांनीच वाचायला लावलं.

पहिल्यांदा ऐकून त्यांनी विचारलं, "हे चारशे एक्कावन सालापासून लिहिलेलं आहे?" मी हो म्हणाले. "मग मला कोणी का नाय सांगितलं?" मी म्हटलं, पपा, तुमच्या धर्मशिक्षणाच्या पुस्तकात आहे ते, तुम्हीच घोकून घ्यायचात, खरा देव आणि खरा माणूस. ते म्हणाले, "घोकून घेतलं. पण पोरं विचारायची, येशू घाबरला का? मी सांगायचो, देव कसला घाबरतो? वर बघा, तोंड बघा त्याचं, किती शांत आहे." मग थोड्या वेळाने म्हणाले, "तीनशे पोरं असतील, पिदू. त्यातली काही मेली. ती घाबरली असतील तेव्हा त्यांनी कोणाकडे बघितलं?"

दुसऱ्यांदा ऐकल्यावर त्यांनी विचारलं, "घाबरला म्हणतो लिगोरी. पण त्याला तिसरा दिवस ठाऊक होता. मला कुठे तिसरा दिवस ठाऊक आहे? शिकवलाय, ठाऊक नाय."

आता त्यांचं एकच चाललं आहे. गुड फ्रायडेच्या आधी ते तोंड उघडा. तोंड उघडलं की मी तेल घेईन. हे शब्द त्यांचे आहेत, फादर सांतान यांच्यासमोर उच्चारलेले. फादरांनी ताबडतोब बाबू सुताराला बोलावलं. आंब्याच्या पेट्यांचे दिवस, बाबूला मान वर करायला फुरसत नाही, तरी आला. शिडी लावून तासभर बघितलं. उतरून म्हणाला, "इनासकाकांचं काम आहे, बाय. आत पितळेची खीळ मारलेली दिसते. उपटायला गेलं तर गालापासून कपाळापर्यंत चीर जाईल. माझ्या हातून नाय व्हायचं, आणि दुसऱ्या कोणाला करू देऊ नका." फादरांनीही मग नाही म्हटलं. बिशपांना विचारल्याशिवाय मूर्तीला हत्यार लावता येत नाही, आणि उत्तर यायला महिना जाईल.

पपांना हे अजून सांगितलेलं नाही. मला एक सुचलं आहे. काय ते विचारू नकोस. डॉक्टर म्हणतात, पेजसुद्धा आता फार दिवस उतरणार नाही.

पिदू

वडगाव, २६ मार्च १९८५

प्रिय पिदू,

तुला काय सुचलं आहे ते मला कळलं असावं. करू नकोस. त्यांच्याशी आता कोणी खोटं बोलू नये. मी बोललो आहे, पुरे झालं.

तोंडाची गोष्ट मला अकरा वर्षांपासून ठाऊक आहे. चौऱ्याहत्तर साली माझी दीक्षा झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी पपा म्हणाले, पहिलं कुमसार माझं घे, माझ्या पापांची कबुली ऐक. मला वाटलं, मुलाच्या हातून पापाची क्षमा घ्यायची बापाची हौस आहे. त्यांनी मला जे सांगितलं ते मी कोणापुढे उच्चारू शकत नाही, आणि आता त्यांनी स्वतः तुम्हाला सांगितलं नसतं तर हे पत्रही लिहिलं नसतं. माझ्या बाजूचं मात्र सांगतो, कारण ते पाप माझं आहे. मी हसलो. गुडघे टेकलेल्या माणसासमोर हसलो आणि लाकूडच ते, असं खोटंच काहीतरी म्हणालो. क्षमेचे शब्द म्हटले, प्रायश्चित्त म्हणून एक प्रार्थना सांगितली. ते उठले आणि पुन्हा कधी माझ्याकडे कुमसाराला आले नाहीत. मला वाटलं, संकोच.

सात गावं हे खरं कारण आहे, पण पूर्ण नाही. ते माझ्याकडे बघतील, याची भीती वाटते.

तिसऱ्या दिवसाच्या प्रश्नाला ग्रंथांत उत्तरं आहेत. मी लिहायला बसलो. लिहिलं, की पुढे काय होणार हे माहीत असलं तरी वेदना कमी होत नाही, बाळंतपणात आईला ठाऊक असतं की मूल होणार, तरी कळा खऱ्याच असतात. मग आपली आई आठवली, आणि ते तिसरं मूल, आणि दोघांना एकाच पेटीत ठेवताना पपांनी पेटीच्या कडा हाताने तासल्या होत्या, ते आठवलं. कागद फाडला. रोज वेदीवर उभा राहतो आणि माझ्याकडे उत्तर नाही.

लिगोरी

रत्नागिरी, ३० मार्च १९८५

दादा,

तुझं पत्र आज मिळालं. परवा मिळायला हवं होतं.

मी गुरुवारी दुपारी बाबूच्या कारखान्यात गेले. मूर्ती फणसाची आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून फणसाच्या फळीवरून बाबूकडून दोन मुठी भुसा आणि एक बोटभर तुकडा काढून घेतला. त्याने कशाला, असं विचारलं नाही. त्याला कळलं असेल. घरी येऊन पपांना सांगितलं की उघडलं तोंड. फादरांनी परवानगी दिली, बाबूने काढलं, चीर गेली नाही. जीभ आणि दात जसेच्या तसे आहेत.

दादा, त्यांनी डोळे मिटले आणि त्यांच्या कपाळावरच्या सगळ्या आठ्या गेल्या. मी इतक्या दिवसांत तसा चेहरा बघितला नव्हता. मग म्हणाले, "काय निघालं ते दाखव."

मी पुडी उघडून हातात दिली. त्यांनी भुसा चिमटीत घेतला, नाकाशी नेला. तुकडा नखाने खरवडला.

"पिदू, हा फणस आहे."

मी म्हटलं, हो, फणसच ना.

"मूर्ती फणसाची. तोंडात मी शिवणीचं लाकूड घातलं होतं. फणस पावसाळ्यात फुगतो, ओठ उचकटले असते. शिवण फुगत नाय." आणि मग, "हा भुसा तर आजचाच आहे."

त्यांनी पुडी नीट घडी घालून परत दिली, लहानपणी माझी चुकलेली वही परत द्यायचे तशी. रागावले असते तर बरं झालं असतं. त्या क्षणापासून ते बोललेले नाहीत. काशीरामकाका आज सकाळी दारातून ओरडले, "हायस का?" आतून उत्तर आलं नाही. काकांनी शहाळं ओट्यावर ठेवलं आणि परत गेले. आत आलेच नाहीत.

तुझं पत्र वाचलं. तू हसलास, मी खोटं बोलले. त्या माणसाने आयुष्यात एकच प्रश्न विचारला, आणि दोघांनीही त्याची समजूत घातली.

मी तुला आता ये असं म्हणणार नाही. तुझं तू ठरव.

पिदू

रत्नागिरी, ५ एप्रिल १९८५
गुड फ्रायडे, सकाळी साडेसहा

दादा,

डॉ. आठल्ये आत्ताच नाडी बघून गेले. आजची संध्याकाळ, फार तर उद्याची सकाळ, असं त्यांनी सांगितलं. तुझी पुण्याहून येणारी गाडी सातला लागते. मला पपांजवळून उठता येत नाही, म्हणून ही चिठ्ठी काशीरामकाकांकडे देते आहे. ते तुला स्टँडवर भेटतील. ते वाटेत बोलणार नाहीत, तूही त्यांची समजूत घालू नकोस. आपल्या थट्टेने हे झालं, हे त्यांच्या डोक्यातून जात नाही.

तुझी तार काल दुपारी आली. सात गावांचं तू काय केलंस ते मला ठाऊक नाही. कोणीतरी तिथे वाचन करील. तू येतो आहेस, हे मी पपांच्या कानात सांगितलं. सात दिवसांत पहिल्यांदा त्यांनी जागेपणी तोंड उघडलं. शब्द कळायला मला कान ओठांना लावावा लागला.

"परत हसेल का?" असं विचारलं त्यांनी.

मी नाही म्हणाले. त्यांनी ते खरं मानलं की नाही, सांगता येत नाही. माझ्या शब्दाला आता या घरात किंमत नाही.

तू आत येशील तेव्हा काय बघशील ते आधीच सांगते, म्हणजे दारात थबकणार नाहीस. ते अर्धे झाले आहेत. पाणी कापसाने ओठांना लावते, तेवढंच. तेल घेतलेलं नाही. फादर सांतान काल पवित्र गुरुवारची पायधुणीची मिस्सा झाल्यावर येऊन गेले. त्यांनी विचारलं, पपांनी मान हलवली, नाही अशी. फादरांनी जोर केला नाही. ते पलंगाशी टेकून थोडा वेळ बसले आणि जाताना मला म्हणाले, "माझ्याकडे याच्यापुढचं काही नाही, बाय." मला त्यांचा राग आला नाही.

तू चारशे एक्कावन सालचं काही सांगू नकोस. ते त्यांना पाठ झालं आहे. परवा झोपेत ओठ हलत होते, तेव्हा ऐकलं मी. मिसळ नाही, बदल नाही, वेगळे नाहीत. पुढे जे म्हणाले त्यात प्रार्थना नव्हती, नुसता हिशेब तपासल्यासारखा आवाज होता: "मग तोंड कोणाचं बंद केलं मी? माणसाचं की देवाचं? दोघांचं." हे त्यांना तुझ्या पत्रातूनच मिळालं आहे. तू ते त्यांची सुटका व्हावी म्हणून लिहिलंस. त्यांनी त्यातून गुन्हा दुप्पट करून घेतला.

आजचं असं ठरलं आहे. तीनला प्रार्थना. त्यानंतर बाबू आणि आणखी तिघं येशूला उतरवतील. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा पपांशिवाय. बिजागऱ्यांच्या चामड्याला तेल कोणी लावलेलं नाही, त्यामुळे हात कडक आहेत आणि सांभाळून उतरवावं लागेल, असं बाबू सांगत होता. पाचच्या सुमारास मिरवणूक उतारावरून येईल. फादर सांतान यांनी कबूल केलं आहे की पालखी आपल्या अंगणात थांबेल, आणि चौघं ती उचलून पलंगापर्यंत आणतील. दार रुंद नाही, म्हणून बाबू दुपारी येऊन एक फळी काढणार आहे.

मी पपांना हे सगळं सांगितलं. काहीही झाकलं नाही. तोंड बंद आहे, ते उघडता येत नाही, कारण तुमचं काम पक्कं आहे, पितळेची खीळ आहे. बाबूने सांगितलं तेच सांगितलं. खिळीचं ऐकून त्यांनी डोळे उघडले. मी विचारलं, त्याला इथे आणू का? त्यांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

यातून काही होईल असं मला वाटत नाही. ओठ मिटलेलेच असतील. पपांना ते माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहेत, त्यांनीच कोरले आहेत. मला इतकंच वाटतं की ज्याला ते घाबरले आहेत त्याला त्यांनी एकदा जवळून हात लावावा. मग मारो की तारो.

पाचला तू पलंगाच्या भिंतीकडच्या बाजूला उभा राहा. धर्मगुरूचा झगा घालू नकोस. त्यांचा उजवा हात सुजून जड झाला आहे, मला एकटीला उचलत नाही. कोपर मी धरीन. मनगट तू धर.

पिदू